अंतर तासांत मोजा: डोंगरी भागाचे नियोजन करणाऱ्यांना छोट्या व्यावसायिकांचे खुले पत्र

प्रति,
डोंगराळ ग्रामीण भागासाठी रस्ते, वीज, दळणवळण आणि कर्ज यांचे नियम ठरवणारे सर्व अधिकारी

विषय: डोंगरातली दुकाने, गिरण्या आणि दुरुस्तीची कामे चालू राहावीत म्हणून मोजमापात करायचे बदल

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

डोंगरातले एखादे दुकान किंवा गिरणी बंद पडली की अहवालात एकच कारण येते: वस्ती घटली, गिऱ्हाईक उरले नाही. पुष्कळदा ते खरेही असते. पण गल्ल्यावर बसणाऱ्याला त्यापलीकडचेही दिसते. गिऱ्हाईक असते, विक्री असते, तरी धंदा तग धरत नाही. कारण पैसा मालात अडकलेला, मोटर जळालेली, गाडी अर्धी भरून आलेली आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला दारात उभा. या चारही गोष्टींच्या मुळाशी सपाटीवर बसून ठरवलेली मोजमापे आहेत. ती कुठे चुकतात आणि कशी सुधारता येतील, एवढेच या पत्रात मांडले आहे. अनुदानाची मागणी यात जवळजवळ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अंतरापासून सुरुवात करू. कुठल्याही योजनेचा अर्ज उघडा, ‘जवळच्या बाजारपेठेपासूनचे अंतर’ किलोमीटरमध्ये भरायचे असते. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा हिशेब सांगितला, तो डोंगर चालणारे आजही वापरतात: ताशी साधारण ५ किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे ४ किलोमीटरची वाट ६०० मीटर चढत असेल, तर ४८ मिनिटांची चाल १ तास ४८ मिनिटांवर जाते, तीही पाठीवर ओझे नसताना. नकाशावर पट्टी ठेवून पाहणाऱ्याला मात्र ते गाव बाजाराला लागूनच दिसते, आणि ‘सुविधा उपलब्ध’ असा शेरा पडतो.

गाडीचेही तसेच आहे. वजन उंचावर न्यायला लागणारी ऊर्जा ठरलेली असते. रस्ता कितीही गुळगुळीत केला तरी ती कमी होत नाही. मालासकट ५ टन भरणारे वाहन १,००० मीटर चढले, आणि इंजिनाने डिझेलमधल्या ऊर्जेचा एक तृतीयांश भाग कामी आणला असे धरले, तर निव्वळ चढण्यापायी सुमारे ४ लिटर डिझेल जाते. अंतर कापण्याचे वेगळे. उतरताना त्यातले काही परत मिळत नाही, ते ब्रेक तापवण्यात जाते. शिवाय टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटरला साधारण एक दशांशाने घटते, म्हणून चढाच्या रस्त्याला गाडी पुरती भरताच येत नाही. परतीला तर ती रिकामीच जाते. गाडीवाला भाडे सांगतो ते येण्याजाण्याचे, आणि त्यात त्याची चूक नाही.

तुमचा वाहतूक खर्चाचा तक्ता प्रतिकिलोमीटर चालतो, त्याला यातले काहीच कळत नाही. त्यात दोन रकाने वाढवा: भरलेल्या गाडीला लागणारा वेळ आणि वाटेतला एकूण चढ. एकूण चढ म्हणजे दोन टोकांच्या उंचीतला फरक नव्हे. रस्ता मध्येच दोनदा ओढ्यापर्यंत उतरून पुन्हा वर येत असेल, तर प्रत्येक चढ मोजावा लागतो. हे काम कार्यालयात बसून होणार नाही. भरलेल्या गाडीतून एकदा यावे लागेल.

डोंगरासाठी वेगळा मापदंड ही काही नवी कल्पना नाही. भारतात २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत सपाटीवरच्या वस्तीला ५०० लोकसंख्येची अट होती, डोंगराळ राज्यांत ती २५० ठेवली गेली. फ्रान्सने तर जानेवारी १९८५ मध्ये डोंगरी प्रदेशासाठी स्वतंत्र कायदाच केला. तत्त्व मान्य झालेले आहे. ते रस्त्यापर्यंत पोहोचले, रस्त्याकडेच्या दुकानापर्यंत अजून यायचे आहे.

आता मालाचा साठा. आमच्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा हाच आहे आणि याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. रोज १५ नग खपणारी एक वस्तू घ्या. सपाटीवरच्या दुकानात आज सांगितलेला माल उद्या येतो. एक दिवस राखीव धरला तरी ३० नग पुरतात. डोंगरात गाडी आठवड्यातून एकदा येते, आणि दरड कोसळून किंवा बर्फ पडून रस्ता २० दिवस बंद राहू शकतो. त्या हंगामाच्या तोंडावर दुकानात हवेत १५ गुणिले २७, म्हणजे ४०५ नग. विक्री तीच, नफाही तोच, अडकलेला पैसा मात्र साडेतेरापट. हे सगळ्याच वस्तूंचे करावे लागत नाही, पण मीठ, तेल, काडेपेटी, बाळाची दूधपावडर, सॅनिटरी पॅड, टॉर्चचे सेल, जुलाबावरची क्षारसंजीवनी अशा काही वस्तू संपून चालत नाहीत. त्या संपल्या तर गिऱ्हाईक तुटते हा भाग निराळा; गाव अडते.

खेळते भांडवल मंजूर करताना कर्ज देणाऱ्या संस्था बहुधा वार्षिक उलाढालीची ठरावीक टक्केवारी धरतात. दोन्ही दुकानांची उलाढाल सारखी, म्हणून दोघांना कर्ज सारखे. उरलेला माल डोंगरातला दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलतो. उधारीवर उचलणाऱ्याला भावात घासाघीस करता येत नाही आणि ‘हा जुना लॉट नको’ असे म्हणायचीही सोय नसते. मग होते असे: सहा महिन्यांच्या मुदतीचे पाकीट घाऊक गोदामात तीन महिने पडलेले असते, रस्ता बंद होण्याआधी भरून ठेवायचे म्हणून ते दीड महिना आधी उचलावे लागते, आणि विकायला हातात उरतो दीड महिना. त्यात रस्ताबंदी झालीच नाही आणि खप नेहमीसारखाच राहिला, तर शेवटची दोन खोकी फेकून द्यावी लागतात. रस्ता चालू राहिला म्हणून दुकानदाराचे नुकसान होते, हे ऐकायला विचित्र वाटते, पण हिशेब असाच आहे.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही कागदावर करायचे आहेत. एक, कर्जाची मर्यादा उलाढालीवर न ठरवता साठ्याच्या दिवसांवर ठरवा, आणि बंदीच्या हंगामाआधी दोन महिने ती वाढवून हंगाम संपल्यावर आपोआप खाली येऊ द्या. दोन, डोंगरी भागासाठी निघणाऱ्या मालाची किमान दोन तृतीयांश मुदत शिल्लक असावी, अशी अट घाऊक वितरकांच्या करारात घाला. साठवणीचे आम्ही बघतो: फळ्यांवर, जमिनीपासून सहा इंच वर, भिंतीपासून हात जाईल एवढी जागा सोडून. भिंतीला टेकवलेल्या पोत्याला मागून ओल लागते आणि ती पुढून दिसत नाही.

रस्ता बंद झाल्यावर जी सूचना निघते तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. तिच्यात लिहिलेले असते, ‘पुढील आदेशापर्यंत वाहतूक बंद.’ या वाक्यावरून कुणालाही काहीही ठरवता येत नाही. दूध सांगायचे की नाही, गाडीवाल्याला थांबवून ठेवायचे की दुसरे भाडे घेऊ द्यायचे, डिझेल राखून ठेवायचे की विकायचे, सगळे अधांतरी. आम्हाला तीन गोष्टी हव्यात: नेमका कोणता टप्पा बंद आहे, कोणत्या वजनापर्यंतचे वाहन जाऊ शकते, आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल. तिसरी सर्वांत महत्त्वाची. ‘संध्याकाळी ६ वाजता पुन्हा कळवू’ आणि ६ वाजता ‘अजून बंदच आहे, उद्या सकाळी ८ ला कळवू’, एवढे झाले तरी धंदा चालवता येतो.

रस्ता अर्धवट उघडला की पहिल्यांदा कोण जाणार, हेही आधी ठरलेले असावे. आज ते जागेवर, ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने ठरते. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या टपाल मार्गांवर पिवळ्या पोस्ट बसला आधी वाट द्यावी लागते आणि अडचणीच्या जागी मागे कुणी सरकायचे हे त्या बसचा चालक सांगतो. आंधळ्या वळणाआधी तिचा तीन सुरांचा भोंगा वाजतो. आपल्याकडे भोंगा नको, क्रम ठरवा: रुग्णवाहिका, औषधे व इंधन, एसटीसारखी प्रवासी गाडी, किराणा, मग बाकीचे. क्रम लिहून नाक्यावर लावलेला असला की भांडणे निम्मी होतात.

आणि रस्ता बंद होतो तो दर वेळी मोठी दरड येते म्हणून नाही. बऱ्याचदा रस्त्याखालची मोरी तुंबते. पालापाचोळा आणि मुरूम तोंडाशी साचतो, पाणी रस्त्यावरून उडी घेते आणि दरीकडची कड आतून खाते. वरून डांबर शाबूत दिसते, खाली पोकळी झालेली असते. पहिला भरलेला ट्रक तिथे बसतो. आधारभिंतीतली पाणी जाण्याची भोके बुजली की भिंतीमागे पाणी कोंडते आणि भिंत पोट काढते. पावसाआधी मोऱ्या साफ करण्याची रीत आहे, ती चांगलीच आहे. पण पहिल्या मोठ्या पावसात वर्षभराचा सुटा कचरा एकदम वाहून येतो आणि साफ केलेली मोरी त्याच रात्री भरते. त्यानंतरच्या दुसऱ्या सफाईसाठी बहुतेक अंदाजपत्रकांत पैसेच नसतात. ती धरा. रुंदीकरणातली माती खालच्या उतारावर लोटण्याची सवयही थांबवा. ती पुढच्या पावसात खालच्या वळणाच्या मोरीत येऊन बसते.

विजेबद्दल. ‘गावात वीज आहे’ आणि ‘विजेवर गिरणी चालते’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. लांब तारेच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडते. गिरणीच्या मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: व्होल्टेज ८० टक्के झाले की ताकद ६४ टक्केच उरते. अशा वेळी दाणे पडलेली गिरणी चालू केली, तर मोटर गुरगुरते पण उचलत नाही. सुरू होताना मोटर नेहमीच्या सहासातपट करंट ओढते. एरवी हे काही सेकंदांचे काम असते, इथे ते लांबते आणि मोटरच्या आतली तारेची गुंडाळी, म्हणजे वाइंडिंग, तापते. चालू मोटरवर व्होल्टेज पडले तरी तेच: भार तोच म्हणून करंट वाढतो, करंट वाढला की तारेत आणखी व्होल्टेज पडते. म्हणून जाणते गिरणीवाले आधी मोकळी गिरणी फिरवून मग दाणे सोडतात आणि दगड एकदम दाबून लावत नाहीत. पण त्यालाही मर्यादा आहे.

मोटर जळण्याचे दुसरे मोठे कारण एक फेज जाणे, म्हणजे मोटरला वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक बंद पडणे. डीपीवरचा, म्हणजे गावाला वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज उडतो, मोटर चालूच असल्याने उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, करंट वाढतो, आणि गिरणीवाला पीठ भरण्यात गुंतलेला असताना वास येतो. तोवर उशीर झालेला असतो. यासाठी एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर मिळतो आणि त्याची किंमत मोटरची वाइंडिंग पुन्हा भरून घेण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे. तरी अनेक ठिकाणी तो बसवूनही तारा जोडून बाजूला टाकलेला दिसतो. कारण सोपे आहे: तिन्ही फेजवर भार सारखा नसला की तो फेज गेलेला नसतानाही दिवसातून अनेकदा मोटर बंद करतो, आणि रांगेत माणसे उभी असताना हा जाच कुणाला सोसत नाही. गिरणीवाल्याला सुरक्षिततेचे व्याख्यान देऊन हे सुटणार नाही. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी डीपीवर चिमटा मीटर लावून तिन्ही फेजचा करंट मोजा आणि जास्त भरलेल्या फेजवरची काही घरे कमी भरलेल्या फेजवर घ्या. लाइनमनचे एका दिवसाचे काम आहे, त्याला नवीन सामान जवळजवळ लागत नाही.

तक्रार केली की भर दुपारी डीपीपाशी व्होल्टेज मोजून ‘योग्य आहे’ असे उत्तर मिळते. दुपारी डीपीपाशी ते योग्यच असते. शेवटच्या खांबावर नोंद ठेवणारे मीटर सात दिवस लावा, आणि तेही हंगामात. उंचीचाही परिणाम आहे: सर्वसाधारण मोटरवर लिहिलेली क्षमता १,००० मीटर उंचीपर्यंत धरलेली असते. त्यावर हवा विरळ, म्हणून मोटर थंडही कमी होते. योजनेतून यंत्रे वाटताना सगळीकडे एकाच क्षमतेची मोटर देणे बंद करा.

गिरणी बंद पडण्याचा खर्च फक्त गिरणीवाल्याचा नसतो. १० अश्वशक्तीची मोटर साठसत्तर किलोची. ती उतरवायची, बाजारपेठेत न्यायची, भरून आणायची, यात आठदहा दिवस जातात. तेवढे दिवस लोक दळण घेऊन बाजारपेठेत जातात. गेलेच आहेत तर किराणा तिथूनच आणतात, पंक्चर तिथेच काढतात, केसही तिथेच कापतात. एक मोटर जळते आणि चौघांच्या गल्ल्यात खड्डा पडतो. आमच्या गावांतले धंदे असे एकमेकांच्या पायावर उभे आहेत, म्हणून एकेका धंद्यासाठी वेगळी योजना आखून फार हाती लागत नाही.

उंचीमुळे दुकानदारावर नाहक बोट दाखवले जाते, अशी काही उदाहरणे तुमच्या निरीक्षकांसाठी लिहून ठेवतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन असतात. ब्युटेन उकळते उणे अर्धा अंश सेल्सिअसला, प्रोपेन उणे ४२ ला. कडाक्याच्या थंडीत ब्युटेन जास्त असलेल्या सिलिंडरमधला द्रव वायू होतच नाही. ज्योत बारीक होते, सिलिंडर मात्र जड. गिऱ्हाईक म्हणते वजनात मारले. परत आलेला सिलिंडर काट्यावर ठेवला की खरे कळते, पण तोवर बोलाचाली झालेली असते. काही जण सिलिंडरखाली निखारे ठेवतात, जे जिवावर बेतणारे आहे. गोठण्याइतकी थंडी पडते त्या भागांत हिवाळ्यात प्रोपेन जास्त असलेला गॅस पाठवणे हाच इलाज, आणि तो पुरवठादाराच्या हातात आहे, दुकानदाराच्या नाही.

दुसरे, फुगलेली पाकिटे. २,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७८ टक्के असतो, म्हणून खाली भरलेले हवाबंद पाकीट वर येईपर्यंत टम्म फुगते. तपासणीत ते ‘खराब माल’ म्हणून बाजूला काढले जाते. ओळखण्याची खूण अशी: खोक्यातली सगळी पाकिटे येतानाच सारखी फुगलेली असतील तर दाबाचा परिणाम, एखादेच नंतर फुगले असेल तर आत काही सडते आहे. पत्र्याचा डबा फुगला असेल तर मात्र शंकेला जागा ठेवू नये, तो टाकूनच द्यावा. काट्याचे म्हणाल, तर इलेक्ट्रॉनिक काटा गुरुत्वाकर्षणावर चालतो आणि १,००० मीटर वर आणला की वजन सुमारे ०.०२ ते ०.०३ टक्के कमी दाखवतो. किलोला पाव ग्रॅम! किराण्यात याने काही बिघडत नाही, सोनाराला फरक पडतो. खरी चूक होते ती काटा तिरका ठेवल्याने. तरीही काट्याचे प्रमाणीकरण वापराच्या जागी करावे, बाजारपेठेत शिक्का मारून वर पाठवू नये.

उधारीवर तुमचा राग आहे, हे कर्जाच्या प्रत्येक अर्जात दिसते. येणे बाकी जास्त म्हणजे दुकानदार ढिला, असा अर्थ लावला जातो. डोंगरात बहुतेक घरांत पैसा वर्षातून दोनतीनदाच येतो: पीक विकले की, हंगामी मजुरीवरून माणूस परतला की, बाहेरचे पाहुणे येऊन गेले की. खाणे मात्र रोजचे. मधले महिने दुकानाची वही भरून काढते. चांगल्या वहीला शिस्त असते: घरटी एक पान, प्रत्येक घराची उधारीची मर्यादा, प्रत्येक नोंदीसमोर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि हंगामाला हिशेब चुकता. रस्ता बंद असला किंवा घरात आजारपण असले की मर्यादा सैल होते. ती किती सैल करायची हे दुकानदाराला माणूस ओळखून ठरवावे लागते, आणि तेवढे कुठल्याही पतगुणांकाला जमत नाही. वीज गेली की काही तासांत मोबाइल टॉवरची बॅटरी उतरते, फोनवरून पैसे देणे बंद पडते, तेव्हाही वहीच चालते.

मागणी एवढीच की कर्जाचे हप्ते हंगामाप्रमाणे असावेत. वर्षाच्या विक्रीतली ६० टक्के विक्री चार महिन्यांत होत असेल, तर वर्षाच्या परतफेडीतली ६० टक्के रक्कम त्या चार महिन्यांत घ्या, बाकीची आठ महिन्यांत विभागा. मागे ढकललेल्या रकमेचे व्याज लावा, आम्ही देऊ. आज बारा सारखे हप्ते असतात. मंदीच्या महिन्यात हप्ता चुकतो, पतगुणांक पडतो, आणि पुढच्या हंगामाचा साठा भरायला कर्ज मिळत नाही.

आता ज्या कामाचा कुणी हिशेबच ठेवत नाही त्याबद्दल. कुरिअरवाला शेवटच्या वस्तीपर्यंत जात नाही, सगळ्यांची पार्सले दुकानात टाकून जातो. दुकानदार ती ओल आणि उंदरांपासून सांभाळतो, ज्याची त्याला निरोप देतो, चुकीचे निघालेले परत पाठवण्यासाठी ठेवून घेतो. त्यातल्या पुष्कळ पार्सलांत तोच माल असतो जो त्याच्या फळीवर विकायला आहे. शिवाय डॉक्टर कधी येणार त्याची चिठ्ठी दारावर, शाळेच्या गाडीची वाट पाहणारी मुले पावसात ओट्यावर, दूर कामाला गेलेल्यांच्या घरांच्या किल्ल्या खिळ्यावर, आणि एकटी राहणारी म्हातारी दोन दिवस दिसली नाही तर तिच्याकडे कुणाला तरी पाठवणे. यातल्या माणुसकीच्या कामांचे पैसे कुणी मागत नाही. पण पार्सल हे माणुसकीचे काम नाही, तो कुरिअर कंपनीचा धंदा आहे. त्याचा लेखी करार हवा: प्रति पार्सल मोबदला, किती दिवस ठेवायचे त्याची मुदत, आणि हरवल्यास जबाबदारी कुणाची. टपाल, पेन्शन, दाखल्यांचे अर्ज ही कामे दुकानातून करून घ्यायची असतील तर तीही अशाच करारावर द्या.

हे शक्य आहे याची उदाहरणे आहेत. इटलीच्या अपेनाइन डोंगरांतल्या सुच्चिझो या छोट्या गावात शेवटचे दुकान आणि बार बंद झाल्यावर रहिवाशांनी १९९१ मध्ये ‘व्हाल्ले देइ काव्हालिएरी’ ही सहकारी संस्था काढली. दुकान, बार, पाहुण्यांची सोय, मेंढपाळी आणि शाळेच्या मुलांची ने-आण ही कामे एकाच संस्थेने उचलली. एकेक काम स्वतंत्रपणे पोट भरण्याइतके नव्हते, एकत्र केल्यावर झाले. इटलीने २०१७ मध्ये ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या छोट्या गावांसाठी जो कायदा केला, त्यात एकाच छताखाली अनेक सेवा देणाऱ्या केंद्रांची तरतूद आहे. आपल्याकडे मात्र एका जागेवर दोन धंद्यांचे परवाने मागितले की फाइल दोन टेबलांमध्ये अडकते. इथे एकच अर्ज, एकच तपासणी, एवढे करा.

‘तुम्ही एकत्र खरेदी का करत नाही,’ हा सल्ला आम्हाला प्रत्येक बैठकीत मिळतो. सल्ला बरोबर आहे, पण अशा खरेद्या का मोडतात ते सल्ला देणाऱ्यांना ठाऊक नसते. पहिले, पैसे आधी कोण भरणार. दुसरे, गाडी ज्याच्या दारात उतरते त्याला बाकीच्यांचा भाव कळतो. तिसरे, फुटतूट आणि घट कुणाच्या माथी. जिथे हे टिकते तिथे साधारण असे चालते: मागणी ठरल्या वारी दुपारपर्यंत बंद, निम्मी रक्कम आधी जमा, नाही तर नाव यादीतून बाहेर, माल उतरतो तटस्थ जागी, ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या रिकाम्या खोलीत, उतरताना सगळ्यांसमोर वजन, भाडे वजनाप्रमाणे वाटायचे, पण हलक्या आणि मोठ्या खोक्यांचे जागेप्रमाणे, नाहीतर कापूस आणि खिळे विकणारे एकमेकांशी भांडतात, घट सगळ्यांत सारखी. हिशेब ठेवणारा दर हंगामाला बदलायचा. तुमच्याकडून यात हवी ती फक्त कोरडी, कुलूप लागणारी खोली आणि गाडी वळेल एवढी जागा. इमारत बांधून देऊ नका, असलेली खोली द्या.

हंगामी स्टॉलबद्दल थोडक्यात. पर्यटकांच्या चार सुट्ट्यांत बाहेरून स्टॉल येतात आणि हंगामाची मलई घेऊन जातात. स्पर्धा असायला हरकत नाही. पण बंदीच्या काळात शटर वर ठेवणाऱ्याच्या दारासमोरची जागा त्यांना देताना निदान बारमाही दुकानदाराला आधी विचारा, आणि स्टॉलच्या शुल्कातून कचरा उचलण्याचा खर्च काढा. तो आज आम्ही उचलतो.

या सगळ्यावर बोलण्यासाठी बैठक घ्यावी, ती डोंगरात घ्यावी, आणि बाजाराच्या दिवशी घेऊ नये. त्या दिवशी दुकान सोडून कुणी येणार नाही. येताना तीन कागद आणावेत: मागच्या तीन वर्षांत रस्ता कोणत्या तारखांना बंद होता त्याची यादी, शेवटच्या खांबावरच्या व्होल्टेजची सात दिवसांची नोंद, आणि वाहतूक खर्चाचा चालू तक्ता. साठ्याचे आणि हंगामी विक्रीचे आकडे आम्ही घेऊन येतो, नावे झाकून. बैठकीत काय ठरले ते आठ दिवसांत लेखी कळवावे, एका पानावर, दुकानाच्या दारावर चिकटवता येईल अशा मोठ्या अक्षरांत.

आपले,
डोंगरातले दुकानदार, गिरणीवाले, गाडीवाले आणि दुरुस्तीवाले